पेरिगोरचे आठवडी बाजार: सार्ला बघायला, पिशवी भरायला सँ-सिप्रियाँ

आठवडी बाजार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावावं लागत नाही. पुण्याच्या पेठांच्या नावात वार उरले, बाजार गेले. नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्यात, म्हणजे जुन्या पेरिगोर प्रांतात, वार आणि बाजार दोन्ही शाबूत आहेत. सोमवार लेझेझीचा, मंगळवार ल ब्यूगचा. बुधवारी सार्ला, मोंतिन्याक, बेर्जराक आणि पेरिग्यो. गुरुवारी दोम आणि लालँद, शुक्रवारी रिबेराक. शनिवारी पुन्हा सार्ला, बेर्जराक, पेरिग्यो. रविवारी सँ-सिप्रियाँ आणि इसिजाक. मुक्काम आठवड्याचा असेल आणि हाताशी गाडी असेल तर रोज एक बाजार गाठता येतो, पण रोज गाठू नये. तिसऱ्या दिवशी तेच ऑलिव्हवाले, तेच सॉसेजवाले आणि तीच विणलेल्या टोपल्यांची गाडी समोर दिसते. फिरते विक्रेते वारांप्रमाणे गावं बदलतात, आपल्याकडेही बदलतात. आठवड्यात दोन बाजार नीट करावेत. कोणते दोन आणि नीट म्हणजे कसे, ते पुढे.

आधी सार्ला, कारण प्रवासाच्या प्रत्येक पुस्तकात तेच असतं. १९६२ साली फ्रान्समध्ये जुन्या वस्त्या जपण्याचा कायदा झाला आणि त्याखाली सर्वात आधी दुरुस्त झालेल्या गावांत सार्ला आहे. पिवळसर दगडाची घरं, दगडी छपरं आणि मधल्या चौकात पसरलेला बाजार, हे दृश्य खरोखर देखणं आहे. चौकाच्या टोकाला सँत-मारी नावाचं जुनं चर्च आहे. राज्यक्रांतीनंतर ते देवाच्या कामातून गेलं. याच गावात लहानाचा मोठा झालेला वास्तुविशारद झाँ नूव्हेल याने २००१ मध्ये त्याची बंदिस्त मंडई केली. तुटक्या बाजूला त्याने बसवलेले पोलादी दरवाजे सुमारे १५ मीटर उंच आहेत. एकेका दरवाजाचं वजन सात टन, आणि तरी ते उघडतात. आत बदकाचं मांस, चीज, अक्रोड, भाजी असे मोजके गाळे आहेत. माल चांगला असतो, पण बाहेरच्यापेक्षा महाग. या मंडईचा खरा उपयोग दोन वेळा होतो: पाऊस लागला तर, आणि उन्हाळ्यात बाजाराचा वार नसेल तर.

सार्लाचा शनिवार दोन भागांत चालतो. खाण्याचा बाजार सकाळी आठ ते दुपारी एक. कपडे, चपला, पट्टे, साबण यांचा बाजार मधल्या लांब रस्त्यावर जवळजवळ दिवसभर. चुकतं ते इथे: अकरा वाजता पोचणारा पाहुणा आधी त्या लांब रस्त्यावर अडकतो, सव्वाबाराला चौकात येतो आणि तोवर चांगल्या विक्रेत्यांच्या टोपल्यांत फक्त पानं उरलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दहानंतर चौकात मुंगीच्या वेगाने सरकावं लागतं. म्हणून साडेआठला हजर, दहाला बाहेर. लव्हेंडरच्या पुड्या आणि मार्सेयचा साबण इथे घेऊ नये. दोन्ही प्रोव्हाँसचे, म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या कोपऱ्यातले. सार्लात ते विकणं म्हणजे सावंतवाडीत नागपुरी संत्र्यांना गावठी म्हणण्यासारखं.

गाडीवाल्यांसाठी आणखी एक. ज्या चौकात बाजार भरतो तिथे आदल्या रात्री गाडी लावता येत नाही. कोणत्या वारी किती वाजल्यापासून बंदी, ते खांबावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, पण रात्री दहाला थकून पोचलेला माणूस पाटी वाचत नाही. सकाळी गाडी उचलून नेलेली असते आणि दंडाबरोबर ओढून नेण्याचा खर्चही भरावा लागतो. रेल्वेने यायचं तर बोर्दोहून सार्लापर्यंत थेट गाडी आहे, अडीच-पावणेतीन तास लागतात. स्टेशन गावाच्या दक्षिणेला आहे, जुन्या भागापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. बाकीच्या गावांसाठी मात्र स्वतःची गाडी नसेल तर बाजाराच्या वेळेत पोचणं कठीणच.

आमचं मत: सार्ला हिंडावं, फोटो काढावेत, अक्रोड घ्यावेत, आणि आठवड्याच्या स्वयंपाकाची पिशवी रविवारी सँ-सिप्रियाँला भरावी. सार्लाच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर दोर्दोन्य नदीच्या बाजूला हे गाव आहे. डोंगरउतारावर जुनं मठ-चर्च, खाली एकच मोठा रस्ता, आणि रविवारी सकाळी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार. पाहुणे इथेही असतात, पण टोपली घेऊन आलेल्या गावकऱ्यांचं प्रमाण जास्त. त्याचा परिणाम मालावर दिसतो. ज्याला पुढच्या रविवारी त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं आहे, तो पिठूळ पीच देत नाही. शिवाय फ्रान्सच्या खेड्यात रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळं बंद असतं, बऱ्याचदा सुपरमार्केटसुद्धा. त्यामुळे रविवारचा बाजार ही हौस नसून गरज आहे. रात्रीचं जेवण आणि सोमवारचा नाश्ता एकच्या आत पिशवीत हवा.

इसिजाकचा बाजारही रविवारीच. गाव वेटोळं घातल्यासारखं गोल, गल्ल्या अरुंद, लाकडी चौकटींची घरं. बेर्जराकच्या बाजूला मुक्काम असेल तर हाच घ्यावा. सार्लाहून मुद्दाम जायला लांब पडतं. ल ब्यूगचा मंगळवार मोठा आणि व्यवहारी आहे, भाजीपाल्याला उत्तम, नजरेला साधा. दोमचा गुरुवार लहान, पण गावाच्या कड्यावरून खाली नदीचं जे खोरं दिसतं त्यासाठी जावं. बाजाराला पाऊण तास पुरतो.

आता मुख्य कसब: शेतकरी कोण आणि व्यापारी कोण हे ओळखणं. दोघंही शेजारी शेजारी बसतात आणि दोघांच्याही टोपल्या विणलेल्या असतात. ‘प्रोद्युक्तर’ अशी पाटी असेल तर माल स्वतः पिकवलेला. पाटी नसेल तर टेबलाकडे बघावं. शेतकऱ्याच्या टेबलावर पाच-सात जिन्नस असतात आणि ते सगळे एकाच मोसमातले. जूनमध्ये कांद्याची पात, बटाटे, सॅलड, वाटाणे, चेरी. त्याच टेबलावर केळी, लिंबं आणि अॅव्होकॅडो असतील तर तो घाऊक मंडईतून माल आणणारा आहे. त्यात गैर काही नाही, लिंबं लागतातच, पण त्याच्याकडचा टोमॅटो ‘गावचा’ समजून जादा पैसे देऊ नयेत. फळभाजीच्या भावपाटीवर मूळ ठिकाण, प्रत आणि बऱ्याच फळांच्या बाबतीत जात लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. पाटीवर ‘एस्पान्य’ असेल तर माल स्पेनचा. नुसतं ‘फ्रान्स’ असेल तर त्या देशातून कुठूनही. गावाचं नाव असेल तर तिथे थांबावं.

भाव वाचतानाही डोळे उघडे ठेवावेत. भाजी किलोने, पण ऑलिव्ह, सुकामेवा, डोंगरी चीज आणि नुगा यांच्या पाटीवर बारीक अक्षरांत ‘१०० ग्रॅमला’ लिहिलेलं असतं. नुगा हा मध आणि बदामाचा चिक्कीसारखा, पण मऊ प्रकार. मोठ्या वडीतून सुरीने पाचर कापतात, वजन मग करतात. ‘थोडा द्या’ म्हटलं की पाचर पाव किलोची निघते आणि आकडा ऐकून घाम फुटतो. कापायच्या आधीच ‘साँ ग्राम’, म्हणजे शंभर ग्रॅम, असं म्हणावं. ‘उन लिव्र’ म्हणजे अर्धा किलो, ‘द्मी-लिव्र’ म्हणजे पाव. ‘बोत’ म्हणजे जुडी.

घासाघीस नाही. अजिबात नाही. एकच्या सुमारास उरलेल्या पेट्यांचे भाव विक्रेता आपण होऊन उतरवतो, ते वेगळं. मात्र ओळखीच्या भाजीवाल्याकडे दोन-तीन जिन्नस घेतले की तो कधीकधी पार्स्लीची चार देठं वर टाकतो. आपल्याकडची कोथिंबीर-मिरची आठवते. मागून मिळत नाही, आपण होऊन दिली तरच.

बोलायची सुरुवात ‘बोंजूर’ने. हा शिष्टाचाराचा अलंकार नाही, व्यवहाराचं दार आहे. ‘बोंजूर’ न म्हणता बोटाने दाखवून भाव विचारला तर उत्तर तुटक येतं आणि पाहुण्यांना वाटतं की फ्रेंच माणसं उर्मट असतात. आपण कुणाच्या ओसरीवर चढून थेट ‘पाणी द्या’ म्हणत नाही, तेवढंच. दुसरं, फळाला हात लावू नये. समोर उथळ टोपली ठेवलेली असेल तर स्वतः निवडायची मुभा आहे. नसेल तर निवड विक्रेत्याची. तिसरं, रांग दिसत नाही पण असते. आपल्याआधी कोण उभं आहे ते पोचल्याबरोबर बघून ठेवावं. ‘सेताकी?’ असं विक्रेत्याने विचारलं, म्हणजे ‘कुणाचा नंबर?’, की खऱ्या नंबरवाल्याकडे नजर वळवावी. पुढे घुसणाऱ्याला कुणी ओरडत नाही, सगळे नुसते बघतात, आणि ते जास्त लागतं.

पैसे सुटे न्यावेत. कार्ड आता बरेच जण घेतात, पण किमान रकमेच्या अटीवर. मुळ्याची जुडी विकणाऱ्या आजीबाईंकडे पन्नासची नोट काढू नये. २०१७ पासून फळभाजीसाठी पातळ प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत, कागदी पुडे मिळतात आणि ते ओलसर भाजीने फाटतात. एक मजबूत पिशवी, आणि उन्हाळ्यात चीज-मांसासाठी बर्फाच्या पट्ट्यांसह थंड राहणारी दुसरी, एवढी तयारी हवी.

खरेदीचा क्रम महत्त्वाचा. पोचल्याबरोबर भाजक्या कोंबडीच्या गाडीकडे जावं. सळयांवर कोंबड्या फिरत असतात आणि खाली त्यांच्या रसात बटाटे शिजत असतात. साडेनऊला नाव सांगून ठेवावं, बाराला घ्यावी. बाराला जाऊन मागणाऱ्याला बहुधा नुसते बटाटे मिळतात. मग पाव, कारण चांगला बेकर अकराला रिकामा होतो. खेड्यातला मोठा गोल ‘पँ द काँपान्य’ वजनावर मिळतो, अर्धा किंवा पाव कापून मागता येतो आणि चार दिवस टिकतो. बगेत, म्हणजे लांब काठीसारखा पाव, संध्याकाळी वातड होतो. त्यानंतर भाजी आणि चीज. मऊ फळं सगळ्यात शेवटी, नाहीतर पिशवीच्या तळाशी त्यांचा मुरंबा होतो.

फळांत एप्रिल ते जून स्ट्रॉबेरीचा काळ. ‘फ्रेझ द्यु पेरिगोर’ला २००४ पासून भौगोलिक संरक्षण आहे. गारिगेत ही लांबट, टोकदार, आंबटगोड जात आधी येते. मारा दे ब्वा लहान, गोलसर आणि इतकी सुगंधी की टेबल दिसायच्या आधी वास येतो. ती उन्हाळाभर मिळते. महाबळेश्वरची घट्ट, प्रवास सोसणारी स्ट्रॉबेरी खाणाऱ्याला मारा दे ब्वा वेगळंच फळ वाटेल, आणि म्हणूनच ती संध्याकाळपर्यंत लोळते. डब्याचा तळ बघावा. खाली लाल पाणी दिसलं तर नको. देठाजवळ पांढरा पट्टा असेल तर कच्ची काढलेली आहे, घरी ठेवून पिकणार नाही. फ्रिजमध्ये ठेवली तर वास मरतो. त्याच दिवशी संपेल तेवढीच, अर्धा किलोचा डबा चौघांना.

खरबुजासाठी विक्रेता विचारतो, आज खाणार की उद्या? हा प्रश्न खरा असतो, उत्तर नीट द्यावं. दुपारी खायचं की रात्री, इतकं बारीक सांगितलं तरी तो हसत नाही, आणखी दोन खरबुजं उचलून वास घेतो. स्वतः निवडायचं झालं तर आकाराच्या मानाने जड आणि देठाभोवती बारीक गोल चीर पडलेलं घ्यावं. चीर म्हणजे फळ देठ सोडायला तयार झालं.

चीजमध्ये इथला मान काबेकूचा. शेळीच्या दुधाची लहान चपटी चकती. त्यातला नावाजलेला रोकामादूर, शेजारच्या लोत जिल्ह्यातल्या गावाच्या नावाचा: वजन ३५ ग्रॅम, कच्च्या दुधाचा, किमान सहा दिवस मुरलेला. एकाच टेबलावर तीन-चार वयांच्या चकत्या मांडलेल्या असतात. ताजी पांढरी आणि दह्याच्या चक्क्यासारखी, मधली कडेने पाझरणारी, जुनी सुरकुतलेली आणि तिखट. पहिल्यांदा घेणाऱ्याने प्रत्येक वयाची एकेक घ्यावी. ‘फेर्मिए’ शब्द लिहिलेला असेल तर चीज त्याच शेतावरच्या दुधाचं, तिथेच केलेलं. एशुर्न्याकच्या मठातल्या जोगिणींचं अक्रोडाच्या मद्यात धुतलेलं गाईच्या दुधाचं चीजही विचारावं. बाहेरून तपकिरी, आतून मऊ, वास अक्रोडाचा. मद्य न घेणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं.

शाकाहारींसाठी इथे एक गाठ आहे. फ्रान्सच्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या किंवा करडाच्या जठरातलं रेनेट वापरतात. पाळणाऱ्यांनी ‘प्रेझ्यूर आनिमाल?’ असं विचारावं. विक्रेता स्वतः चीज करणारा असेल तर सरळ उत्तर देतो. त्याहून मोठा सापळा बटाट्याचा. ‘पॉम द तेर सार्लादेझ’ ही इथली प्रसिद्ध बटाट्याची भाजी, लसूण आणि पार्स्ली घातलेली, दिसायला निरागस, पण परतलेली बदकाच्या चरबीत. फ्रेंच फ्राइजसुद्धा काही गाड्यांवर त्याच चरबीत तळतात. लसणीचं ‘तूरँ’ नावाचं सूप बहुधा तिच्यावरच फोडणीला पडतं. ‘साँ व्हियांद’ म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं की मांसाचा तुकडा येत नाही. चरबी त्यांच्या हिशेबात मांस नाही, तेल आहे. म्हणून ‘साँ ग्रेस द कानार’ हे वेगळं सांगावं. हे न सांगता खाल्लं तर दोष वाढणाऱ्याचा नाही.

स्वतः रांधायची सोय असलेल्या घरात मुक्काम असेल तर प्रश्न उरत नाही. मोठी जांभळी वांगी भरताला उत्तम, लाल कांदे, कोवळ्या फरसबी, ताजी लसूण सगळं मिळतं. कोथिंबीर क्वचित मिळते, हिरवी मिरची जवळजवळ नाहीच. बास्क भागातली एस्पलेतची लाल मिरची पूड सुंदर रंगाची आणि सौम्य असते. तिला तिखट म्हणणं कोल्हापूरकरांना रुचणार नाही. मसाले घरून न्यावेत.

अक्रोड हे पेरिगोरचं खरं नगदी पीक. ‘न्वा द्यु पेरिगोर’ला २००२ पासून नामसंरक्षण आहे आणि त्यात चारच जाती बसतात: फ्रांकेत, कोर्न, मार्बो, ग्रांझाँ. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर ‘न्वा फ्रेश’ म्हणजे ओले अक्रोड मिळतात. गराची साल तेव्हा कडू असते, नखाने सोलून खावी. आत गोड, दुधाळ, ओल्या खोबऱ्याच्या जातीची चव. ते आठवड्याभरात बुरशी धरतात, म्हणून न्यायचे असतील तर वाळलेलेच. सोललेला गर घेताना रंग बघावा, फिकट सोनेरी म्हणजे ताजा, गडद तपकिरी म्हणजे जुना किंवा उन्हातला. तुकडे अख्ख्या गरापेक्षा स्वस्त असतात आणि केक, चटणीला तेच घ्यावेत. तेलाची लहान बाटली किंवा पत्र्याचा डबा पुरे. एक लिटर तेलाला सुमारे दोन किलो गर लागतो, तेव्हा फार स्वस्त दिसलं तर लेबल वाचावं, दुसरं तेल मिसळलेलं असतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून तीन महिन्यांत संपवावं. तापवलं तर कडू होतं, फोडणीचं ते काम नव्हे.

पावसानंतर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत सेप नावाच्या रानटी अळंब्या येतात. त्या महाग असतात आणि निम्म्या वेळा आत किडे असतात. देठ दाबून बघावा, भुसभुशीत लागला तर सोडावं. टोपीखालचा स्पंज पांढरा तर कोवळी, हिरवा तर जून. जून अळंबीचा स्पंज काढून टाकावा लागतो, म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा कचऱ्यात.

बदकाबद्दल सरळ बोललेलं बरं. फ्वा ग्रा म्हणजे नळीने चारा भरून मुद्दाम फुगवलेलं यकृत. फ्रान्सने २००६ च्या कायद्यात त्याला सांस्कृतिक आणि खाद्यवारसा म्हटलं, भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली. खायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मात्र ‘माग्रे’ ही बदकाची छातीसुद्धा अशाच चारून फुगवलेल्या बदकाची असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घेणाऱ्यांसाठी लेबल: ‘आंतिए’ म्हणजे अख्ख्या यकृताचे तुकडे, ‘ब्लॉक’ म्हणजे वाटून पुन्हा थापलेलं. ‘मि-क्वी’ अर्धं शिजवलेलं असतं, त्याला अखंड फ्रिज लागतो. डबाबंद मात्र वर्षानुवर्षं टिकतं. लेबलवर ‘स्युद-वेस्त’चं, म्हणजे नैऋत्य फ्रान्सचं, संरक्षणचिन्ह नसेल तर बदक बाहेरच्या देशातलंही असू शकतं. नोव्हेंबर ते मार्च अख्खी बदकं आणि हंस यांचा खास बाजार भरतो. तिथे पाटीवर ‘अव्हेक फ्वा’ की ‘साँ फ्वा’, यकृतासह की शिवाय, हे वाचल्याखेरीज भावाची तुलना करू नये.

हिवाळ्यातलं खरं नाट्य ट्रफलचं. ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी ही काळी अळंबी डिसेंबर ते फेब्रुवारी विकली जाते, सार्लात शनिवारी, सँत-आल्व्हेरमध्ये सोमवारी. देखरेखीच्या बाजारांत विक्री सुरू व्हायच्या आधी तपासनीस प्रत्येक नग हातात घेतो, वास घेतो, गरज वाटली तर सुरीने लहानशी खाच पाडून आतला रंग पाहतो आणि प्रत ठरवतो. तोवर कुणी विकत नाही. मग वेळ होते आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपतं. उशिरा येणाऱ्याने वास घ्यावा आणि परतावं.

ओळख अशी. अस्सल ट्युबर मेलानोस्पोरम बाहेरून खडबडीत काळी, आतून काळी आणि बारीक पांढऱ्या शिरांची. तिची चुलत बहीण ब्रुमाल आतून करडी, शिरा जाड आणि विरळ, वास उग्र. ती स्वस्त असायला हवी, कधीकधी नसते. सगळ्यात मोठी फसगत मात्र उन्हाळ्यात होते. जुलैमध्ये ‘काळी ट्रफल’ म्हणून विकली जाते ती उन्हाळी जात, ट्युबर एस्टिव्हम. बाहेरून तीही काळीच, पण आतून फिकट बदामी आणि चवीला सौम्य. विक्रेता खोटं बोलत नसतो, पाटीवर ‘एते’ म्हणजे उन्हाळा लिहिलेलं असतं. घेणारा जानेवारीची कीर्ती ऐकून जुलैत पैसे मोजतो आणि ऑम्लेट खाऊन ट्रफललाच नावं ठेवतो. ट्रफलच्या तेलाच्या बाटल्या तर सोडूनच द्याव्यात. ‘आरोम’ शब्द दिसला की आत कृत्रिम वास आहे, ट्रफल असली तर शोभेपुरती.

किलोचा चार आकडी भाव ऐकून दचकू नये. दोघांच्या चार अंड्यांच्या ऑम्लेटला २० ग्रॅम पुरतात. नग घट्ट असावा. दाबल्यावर मऊ लागला तर जुना किंवा गोठवून सोडवलेला. माती लागलेला नग मातीसकट तोलला जातो, म्हणून ब्रशने साफ केलेलाच मागावा. घरी आणून कागदी रुमालात गुंडाळून, कवचासकट अंड्यांबरोबर काचेच्या बरणीत बंद करून दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवावा. वास कवचातून आत शिरतो आणि एका ट्रफलमध्ये दोन जेवणं होतात. रुमाल रोज बदलावा, आठवड्यात संपवावा. शिजवू नये. लोण्यातलं ऑम्लेट गॅसवरून उतरताना वर किसावा. बिनचरबीच्या पदार्थावर घातली तर वास उडून जातो आणि जिभेवर काही राहत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी खाऊबाजार भरतात. शनिवारचा ओद्रिक्सचा त्यातला गाजलेला. चर्चसमोरच्या मैदानात लांब बाकं मांडतात, भोवती गाड्या, ज्याने त्याने हवं ते आणून एकत्र बसायचं. ताट, वाटी, काटे, ग्लास बरेच लोक घरून आणतात, तसेच न्यावेत. सातला जागा धरावी, आठला उभं राहून खावं लागतं. शाकाहारींना काबेकू-अक्रोडाचं सॅलड, चीज, क्रेप, स्ट्रॉबेरी एवढ्यावर पोट भरता येतं. फ्राइजबद्दल वर सांगितलंच. खाणं सामान्य, वातावरण झकास, असं आमचं मत. कुणी चवीसाठी गेला तर निराश होईल.

शेवटी सामानाचं. विमानतळाच्या तपासणीत मऊ चीज आणि फ्वा ग्राची पेस्ट द्रवात मोजतात, १०० मिलीपेक्षा जास्त असेल तर हातसामानातून काढून घेतात. लंडनच्या मराठी मंडळींनी हेही लक्षात ठेवावं: १२ एप्रिल २०२५ पासून युरोपियन युनियनमधून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि गाय, मेंढी, बकरी, डुकराचं मांस खासगी वापरासाठीही आणता येत नाही. काबेकू तिथेच संपवून निघावं. भारतात फ्वा ग्रा आणूच नये. अक्रोडाचं तेल काचेऐवजी पत्र्याच्या डब्यातलं घ्यावं, झाकणावर चिकटपट्टी मारून दोन पिशव्यांत घालून मोठ्या सामानात ठेवावं. गळालेलं अक्रोडाचं तेल सुती कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नाही.